विश्वासावर पहिला उपदेश तयार करताना

कळव्यातील आमच्या मराठी मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) नव्या उपदेशकाला पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, साधारण तीन आठवडे आधी निरोप पाठवतात, आणि त्या निरोपात विषय म्हणून बहुधा एकच शब्द असतो : ‘विश्वास’. शब्द ओळखीचा असल्यामुळे नवा माणूस निर्धास्त होतो आणि तिथेच फसतो. मी पहिल्यांदा बोलायला उभा राहिलो तेव्हा मोबाइलमधील बायबल ॲपवर ‘विश्वास’ हा शब्द शोधला होता, समोर आलेल्या ढीगभर ओव्यांमधून (बायबलमधील क्रमांक घातलेल्या वचनांना आम्ही ओव्या म्हणतो) तेवीस निवडल्या होत्या, आणि त्या एकापाठोपाठ एक वाचून दाखवत पन्नास मिनिटांनी खाली बसलो होतो. उपासनेनंतर चहाच्या टेबलापाशी एक वयस्कर मावशी मला म्हणाल्या, “बाळा, ओव्या आम्हाला पाठच आहेत रे. त्या म्हणतात काय, ते तू सांगशील असं वाटलं होतं.”

त्या मावशींच्या तक्रारीतून जे शिकलो ते येथे क्रमाने मांडतो आहे. विश्वासाची व्याख्या म्हणावी अशी वाक्ये शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, मोजकीच सापडतात. बहुतेक ठिकाणी विश्वास ठेवणारी, डळमळणारी, पुन्हा उभी राहणारी माणसे दिसतात आणि ती ज्याच्यावर विसंबतात तो देव दिसतो. म्हणून उपदेशकाने विश्वासाचा अर्थ स्वतःच्या डोक्यातून आणून उताऱ्यावर चढवू नये. उताऱ्याने तो अर्थ उलगडेपर्यंत उताऱ्यापाशी बसून राहावे.

कॅथलिक वाचकांसाठी एक खुलासा आधीच करतो. मिस्सामधील (कॅथलिकांच्या मुख्य उपासनेतील) प्रवचन १९८३ च्या कॅनन कायद्याच्या, म्हणजे चर्चच्या नियमावलीच्या, ७६७ व्या कलमानुसार बिशप, धर्मगुरू किंवा डीकन (धर्मगुरूच्या खालच्या पदावरील दीक्षित सेवक) यांच्याकडेच असते. तुम्ही प्रापंचिक असाल तर प्रार्थनासभा, बायबल वाचनगट किंवा घरगुती भक्ती ही तुमची जागा आहे, आणि पुढील पायऱ्या तिथेही तशाच लागू पडतात.

पहिली पायरी : विषय बाजूला ठेवा, उतारा निवडा

‘विश्वास’ या विषयावर बोलायचे असले तरी एकच सलग उतारा घ्यावा, दहा-पंधरा ओव्यांचा, ज्याला सुरुवात आणि शेवट आहे. नवख्या माणसाने गोष्ट असलेला उतारा घ्यावा, कारण गोष्टीत माणसे हलतात-बोलतात आणि ऐकणाऱ्याला धरून ठेवतात. बार्तीमयाची गोष्ट (मार्क १०:४६–५२), कफर्णहूमच्या शताधिपतीची, म्हणजे रोमी सैन्याधिकाऱ्याची (मत्तय ८:५–१३), छप्पर उसकटून मित्राला खाली सोडणाऱ्या चौघांची (मार्क २:१–१२), यांपैकी कोणतीही चालेल. या लेखात मी मार्क ९:१४–२९ हा उतारा नमुना म्हणून वापरणार आहे, ज्यात एक बाप दुष्ट आत्म्याने पछाडलेल्या आपल्या आजारी मुलाला येशूच्या शिष्यांकडे आणतो, शिष्यांना काही जमत नाही, आणि मग येशू डोंगरावरून खाली येतो.

दुसरी पायरी : मोठ्याने वाचा, आणि क्रमांक विसरून वाचा

उतारा निवडला की निदान तीन-चार दिवस तो रोज मोठ्याने वाचावा. मनात वाचताना डोळे ओळखीच्या वाक्यांवरून घसरतात. मोठ्याने वाचताना जीभ अडखळते आणि जिथे अडखळते तिथे बहुधा काहीतरी असते. मी ठाण्याहून पनवेल लोकलने कामाला जातो, तेव्हा ऐरोली ते तुर्भे एवढ्या वेळात हे वाचन होते. अर्थात गाडीत मोठ्याने म्हणजे ओठांतल्या ओठांत.

अध्याय आणि ओव्यांचे क्रमांक मूळ लेखकांनी घातलेले नाहीत, हे नव्या उपदेशकाने पक्के लक्षात ठेवावे. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातली आहे, आणि नव्या करारातील ओव्यांचे आज चालू असलेले क्रमांक रोबेर एस्तिएन या फ्रेंच मुद्रकाने १५५१ मध्ये छापले. याचा परिणाम कसा होतो ते इब्री लोकांस पत्रात पाहावे. ‘विश्वास हा आशा धरलेल्या गोष्टींविषयीचा भरवसा आणि न दिसणाऱ्या गोष्टींबद्दलची खातरी आहे’ हे अकराव्या अध्यायाचे पहिले वाक्य आपण कॅलेंडरवर आणि भिंतीवरच्या तक्त्यांवर वाचत आलो आहोत, पण ते वाक्य मुळात दहाव्या अध्यायाच्या शेवटाला चिकटलेले आहे, जिथे लेखक मालमत्ता लुटली गेलेल्या, हिणवल्या गेलेल्या वाचकांना सांगतो आहे की माघार घेऊ नका. ती पार्श्वभूमी ठेवून वाचले की ‘खातरी’ हा शब्द आरामखुर्चीतला राहत नाही.

तिसरी पायरी : शब्द तोलून पाहा

येथे थोडे रेंगाळावे लागेल, कारण मराठी उपदेशकाच्या हाती जे साहित्य आहे ते आपण फारसे वापरत नाही.

जुना करार मुख्यतः हिब्रू भाषेत आहे, आणि त्यात विश्वासासाठी येणाऱ्या शब्दांचे मूळ ‘आ-म-न’ या तीन व्यंजनांत आहे. प्रार्थनेच्या शेवटी आपण म्हणतो तो ‘आमेन’ याच मुळाचा. या मुळाचा गाभा म्हणजे पक्केपणा, टिकाऊपणा. निर्गम या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात अमालेकी टोळीशी लढाई चालू असताना इस्राएलाचा पुढारी मोशे याचे वर धरलेले हात थकून जातात, अहरोन आणि हूर त्याला दगडावर बसवून दोन्ही बाजूंनी हात धरतात, आणि सूर्य मावळेपर्यंत त्याचे हात स्थिर राहतात. तिथे ‘स्थिर’ या अर्थाने आलेला हिब्रू शब्द ‘एमूना’ आहे. हबक्कूक २:४ मधील ‘नीतिमान आपल्या विश्वासाने वाचेल’ यातला ‘विश्वास’ही तोच. थकलेले हात, दोघांचा आधार आणि सूर्यास्तापर्यंतची स्थिरता हे चित्र मंडळीपुढे ठेवले तर व्याख्या सांगण्याची गरज उरत नाही. यशया ७:९ मध्ये तर संदेष्टा या मुळावर कोटीच करतो : विश्वास धरणार नाही तर टिकणार नाही, आणि हिब्रूत ‘धरणे’ व ‘टिकणे’ दोन्हीकडे तेच मूळ वाजते.

आता मराठीकडे या. अरबीतून आपल्याकडे आलेला ‘इमान’ हा शब्द याच सेमिटिक (हिब्रू व अरबी ज्या कुळातल्या त्या भाषांच्या) मुळाचा, म्हणजे ‘एमूना’चा चुलतभाऊ आहे. ‘तीस वर्षं इमानेइतबारे नोकरी केली’ असे आपल्या घरातील निवृत्त माणूस म्हणतो तेव्हा त्याला मनातली मान्यता सांगायची नसते. तो रोजच्या हजेरीबद्दल, न सोडलेल्या साथीबद्दल बोलत असतो. घर भाड्याने घेताना आपण भरतो ती ‘अनामत’ही ‘अमानत’वरून, त्याच कुळातली. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (१:१२) पौल म्हणतो की, मी ज्याच्यावर विश्वास ठेवला त्याला मी ओळखतो आणि तो माझी ठेव राखायला समर्थ आहे. ही ओवी वाचून ‘अनामत’ हा शब्द उच्चारला की नेरूळच्या भाडेकरूलाही आणि घरमालकालाही अर्थ कळतो.

उलट ‘विश्वास’ हा संस्कृत शब्द ‘श्वस्’ म्हणजे श्वास घेणे यावरून आलेला आहे, आणि त्यात निर्धास्त होण्याची छटा आहे. शिवाय मराठीत विश्वास ‘बसतो’, ‘ठेवला’ जातो आणि ‘टाकला’ जातो. बसतो तेव्हा तो आपल्या हातात नसतो, ऐकता-पाहता आपोआप बसतो, आणि रोमकरांस पत्र १०:१७ मधील ‘विश्वास वार्तेने’ होतो हे वचन त्या जागेवरचे आहे. ठेवतो तेव्हा निर्णय आपला असतो. टाकतो तेव्हा आपले ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर गेलेले असते. तुमच्या उताऱ्यातील माणूस या तिघांपैकी काय करतो आहे, हे वहीत लिहून काढावे. योहानाच्या शुभवर्तमानात ‘विश्वास’ या अर्थाचे मूळ ग्रीक ‘पिस्तिस’ हे नाम एकदाही येत नाही, ‘विश्वास ठेवणे’ हे क्रियापद मात्र पानोपानी येते. तेव्हा विश्वासाचा विचार क्रियापदातून करणे ही शास्त्राचीच सवय आहे.

एवढे सांगितल्यावर एक ताकीदही देतो. ही सगळी माहिती तुमच्या तयारीसाठी आहे. व्यासपीठावर हिब्रू-ग्रीकचा एकच शब्द न्यावा, तोही चित्रासकट. बाकीचे वहीत राहू द्यावे.

चौथी पायरी : उताऱ्याला प्रश्न विचारा

कोण कोणावर विसंबतो आहे, त्याला अडवते काय, आणि या ओव्यांत देव कसा दिसतो, हे तीन प्रश्न मी दर वेळी विचारतो. तिसऱ्या प्रश्नाकडे नवखे लोक दुर्लक्ष करतात, आणि मग उपदेश ‘आपण विश्वास वाढवला पाहिजे’ अशा सूचनांचा होतो, जणू विश्वास म्हणजे सूर्यनमस्कारांची संख्या.

आपल्या नमुन्याच्या उताऱ्यात काय दिसते? बाप येशूला म्हणतो की, आपल्याला काही करता येत असेल तर आमच्यावर दया करून आम्हाला मदत करा. ‘माझ्या मुलाला’ असे तो म्हणत नाही, ‘आम्हाला’ म्हणतो. घरात दीर्घ आजार असलेल्या कोणालाही हे अनेकवचन समजते. त्याआधी येशूने त्याला विचारलेले असते की हे याला कधीपासून होते, आणि बापाने उत्तर दिलेले असते : लहानपणापासून. मग येशू ‘करता येत असेल तर’ हे त्याचेच शब्द त्याला परत ऐकवतो, आणि बाप ओरडून म्हणतो, ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.’

आता मराठी भाषांतरात झाकले गेलेले एक दार उघडतो. बाविसाव्या ओवीतील ‘मदत करा’ आणि चोविसाव्या ओवीतील ‘घालवून टाका’ या दोन्ही ठिकाणी मूळ ग्रीकमध्ये एकच क्रियापद आहे. शब्दशः पाहिले तर बाप म्हणतो, ‘माझ्या अविश्वासाला मदत करा.’ जी मदत त्याने मुलासाठी मागितली, तीच तो आता स्वतःच्या डळमळीतपणासाठी मागतो. येथवर मुलगा एकटा रुग्ण होता, आता बापही रांगेत उभा राहिला आहे. आणि येशू त्याला आधी विश्वास पूर्ण करून ये म्हणून परत पाठवीत नाही. मुलगा बरा होतो तो या अर्ध्यामुर्ध्या कबुलीनंतर लगेच. या उताऱ्यातील विश्वासाचा अर्थ येथे आहे, आणि तो तुम्ही बाहेरून आणलेला नाही.

पाचवी पायरी : शास्त्राला शास्त्राशी बोलू द्या

एका उताऱ्यावर थांबलो तर एकांगी होण्याचा धोका असतो, म्हणून दुसरा एक आवाज ऐकवावा; दोनपेक्षा जास्त नकोत. विश्वासाच्या बाबतीत पौल आणि याकोब या नव्या करारातील दोन पत्रलेखकांची जोडी जुनी आहे. अब्रामाने (म्हणजे पुढच्या अब्राहामाने) परमेश्वरावर विश्वास ठेवला आणि तो त्याच्या लेखी नीतिमत्त्व गणला गेला, हे उत्पत्ती १५:६ मधील वाक्य दोघेही उद्धृत करतात. पौल (रोमकरांस ४) ते सुंतेच्या आधी घडले यावर बोट ठेवतो, तर याकोब (अध्याय २) पुढे अब्राहाम आपला मुलगा इसहाक याला अर्पण करायलाही तयार झाला ते दाखवून क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे असे म्हणतो. यावरून चर्चमध्ये शतकानुशतके वाद झाले, आणि ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे कॅथलिक व लुथरन प्रतिनिधींनी नीतिमान ठरवले जाण्याविषयीच्या संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. तुमच्या मंडळीत अर्धे लोक अहिल्यानगर-जालन्याकडून आलेले प्रोटेस्टंट आणि एखादी सून वसईच्या कॅथलिक घरातली असेल, तर कोणाचीही टर उडवून हा वाद सोडवायला जाऊ नये.

सहावी पायरी : एका वाक्यात लिहा

आठवड्याच्या मध्यापर्यंत उपदेशाचा गाभा एका वाक्यात उतरला पाहिजे. माझे वाक्य असे होते : ‘अर्धा विश्वास घेऊन आलेल्यालाही येशू परत पाठवीत नाही.’ वाक्य लिहिता येत नसेल तर उपदेश तयार झालेला नाही. मग दाखले शोधत बसू नये, पुन्हा उताऱ्याकडे जावे.

सातवी पायरी : दाखले

खुर्चीवर बसताना ती मोडणार नाही असा विश्वास आपण ठेवतो, हा दाखला मी इतक्यांदा ऐकला आहे की आता खुर्चीचीच कीव येते. त्यात चूकही आहे, कारण खुर्ची कोणाला वचन देत नाही. त्यापेक्षा चाळीतल्या भिशीचा दाखला जवळचा आहे. बारा बायका दरमहा पैसे एकीच्या हाती देतात, कागदपत्र काही नसते, असते ती वहीतली एक ओळ आणि त्या बाईचे आजवरचे वागणे. जिचा नंबर अकरावा आहे तीही पहिल्या महिन्यापासून भरते. तिला पैसे दिसत नाहीत, ती बाई दिसते. ‘न दिसणाऱ्या गोष्टींबद्दलची खातरी’ येथे चांगली समजते. पण भिशी बुडतेही, हे मंडळीत कोणाला तरी अनुभवाने ठाऊक असते. तेव्हा दाखला तिथेच सोडून लवकर उताऱ्याकडे परतावे.

ठाण्याचा इतिहासही मोहात पाडतो. १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन (संत फ्रान्सिसच्या संघातील) धर्मबंधू ठाण्यात मारले गेले, ही नोंदलेली घटना आहे, आणि विश्वासावर बोलताना ती सांगावीशी वाटणे साहजिक आहे. मी ती एकदाच सांगितली आणि नंतर सोडून दिली, कारण सांगता सांगता तिचा रोख शेजारच्या समाजाकडे वळतो असे मला स्वतःच्याच आवाजात ऐकू आले. आजच्या मुंब्रा-कळव्यात राहणाऱ्या माणसाने अशी गोष्ट सांगताना शंभरदा विचार करावा.

आठवी पायरी : कोण ऐकते आहे

या पायरीवर मी सर्वांत कडक आहे. मार्क ९ मधील मुलाची लक्षणे फेफऱ्यासारखी आहेत, आणि मत्तयाच्या सतराव्या अध्यायात बाप त्याला फेफरे येत असल्याचे सांगतोही. तुमच्या समोर फिट येणाऱ्या मुलीची आई बसलेली असू शकते. व्यासपीठावरून घाईने भूत-पिशाच्च यांविषयी चार वाक्ये टाकली तर ती बाई घरी काय घेऊन जाईल, याचा विचार आधी करावा. औषध बंद करण्याचा सल्ला कोणत्याही स्वरूपात, सुचवण्यापुरताही, देऊ नये.

तसेच ‘तुमचा विश्वास कमी पडला’ हे वाक्य कोणाच्याही दुःखावर ठेवू नये. आमच्या परिचयातील एका कुटुंबात डायालिसिसवर असलेला मुलगा गेला, आणि मयतीनंतरच्या प्रार्थनेत बाहेरून आलेल्या एका वक्त्याने हेच सुचवले. ते आईवडील पुढे वर्षभर कोणत्याच उपासनेला आले नाहीत. शास्त्र असे म्हणत नाही. इब्री ११:३५ पासून पुढे वाचा : काही स्त्रियांना त्यांची मेलेली माणसे परत मिळाली, आणि त्याच दमात, काहींचे हाल झाले, काही दगडमाराने मेले, काही मेंढरांची कातडी पांघरून रानोमाळ भटकले. एकोणचाळिसावी ओवी या सर्वांबद्दल सांगते की विश्वासाबद्दल त्यांची साक्ष दिली गेली, आणि तरीही वचनाप्रमाणे फळ त्यांना मिळाले नाही. सुटलेले आणि न सुटलेले एकाच यादीत आहेत.

नववी पायरी : बोलणे

वीस मिनिटे पुरतात. पूर्ण उपदेश लिहून काढावा, घड्याळ लावून मोठ्याने वाचावा, मग व्यासपीठावर एका पानाचे टिपण न्यावे. ‘हे प्रियजनहो’, ‘आज या ठिकाणी’, ‘आपण पाहतो की’ ही उपदेशी मराठी गाळली तर तीन मिनिटे सहज वाचतात. आमचे सभागृह रुळांजवळ आहे, आणि जलद गाडी जाताना शेवटच्या रांगेला काही ऐकू येत नाही. मी तेवढा वेळ गप्प राहतो. सुरुवातीला हे गप्प राहणे जड जाई, पण आता लक्षात आले आहे की गाडी गेल्यानंतरचे वाक्य लोक सर्वांत नीट ऐकतात, म्हणून शक्य तर गाभ्याचे वाक्य तिथे ठेवतो.

शास्त्रवाचन दुसऱ्या कोणाकडे असेल तर त्या व्यक्तीला उतारा शनिवारीच कळवावा आणि तोच तर्जुमा द्यावा जो तुम्ही वापरणार आहात, नाहीतर वाचणारा एक शब्द उच्चारतो आणि तुम्ही दुसऱ्याच शब्दावर बोलत राहता. नहेम्या ८:८ मध्ये नियमशास्त्र स्पष्ट वाचले गेले आणि त्याचा अर्थ सांगितला गेला, असा क्रम दिला आहे. वाचनच अडखळत झाले तर अर्थाला उभे राहायला जागा उरत नाही.

दहावी पायरी : दारापाशी

उपासना संपल्यावर लगेच निघू नये, दारापाशी उभे राहावे. ‘छान झाला संदेश’ याला काही अर्थ नसतो. कोणी तुमचे एखादे वाक्य स्वतःच्या शब्दांत परत बोलले, किंवा उताऱ्याविषयी प्रश्न विचारला, तर तो त्याच रात्री वहीत लिहावा. मार्क ९ वर बोललो त्या रविवारी एका रिक्षावाल्या काकांनी विचारले, “मग त्या शिष्यांचं काय? त्यांचा पण विश्वास कमी होता ना, त्यांना कोण काही बोललं नाही?” मी त्यांना अठ्ठाविसाव्या-एकोणतिसाव्या ओव्यांकडे नेले, जिथे येशू घरात आल्यावर शिष्य त्याला एकान्तात विचारतात की आम्हाला का जमले नाही, आणि उत्तर मिळते की ही जात, म्हणजे असला दुष्ट आत्मा, प्रार्थनेवाचून निघत नाही. काकांचे समाधान झाले नाही. बापाने निदान मागितली तरी मदत, असे म्हणत त्यांनी रिक्षा काढली, आणि माझ्या पुढच्या उपदेशाचा उतारा ठरला.

वहीच्या शेवटच्या पानावर तारीख, मंडळीचे नाव, उतारा आणि वापरलेला दाखला एवढी नोंद ठेवावी. कळव्यात सांगितलेली भिशी घणसोलीत पुन्हा चालते, कळव्यात पुन्हा चालत नाही.